चौथ्या झुडपाचा अर्धा पेला

पंपाची खोली, संशोधन केंद्र
दोन तारीख, मंगळवार

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. खरोखर आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि गेल्या पंधरवड्यात इथे माझी पत अशी घसरली होती की दोन माणसं धावून येतील याची खात्री नव्हती. आता बरं आहे. सगळं ओळीने सांगतो.)

आधी तब्येती. तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो असं तू लिहिलं होतंस. डावा अजून गप्प असेल तर त्याच्यासमोर उजव्याचे फार लाड करू नकोस, त्यालाही वाटेल की आपणही कुरकुरून बघावं. भाऊजींचं ऐकायचं यंत्र कपाटाच्या खणातून कानापर्यंत पोचलं का? त्यांना म्हणावं, खणाला आता पुरेसं ऐकू आलं असेल. थोरल्याची पाठ दिवसभर खुर्चीत बसून धरत होती, ती सुटली का? सूनबाईंचा खोकला गेला की अजून पहाटे तुम्हाला उठवतो? नातीचे पुढचे दोन दात पडले होते, ते उगवायला लागले असतील. आणि तुझ्या मागच्या दाराशी ते झाड आहे ना, ते कसं आहे? हसू नकोस. झाडाची चौकशी मी मुद्दाम करतो आहे.

माझं म्हणशील तर मोतीबिंदू काढल्यापासून उजव्या डोळ्याला लख्ख दिसतं. इतकं की आरशात बघायचं मी कमी केलं आहे. त्या मोतीबिंदूचं पुढे काय काय झालं तेही या पत्रात येणार आहे, कारण तो आता माझा एकट्याचा राहिलेला नाही.

मी इथे करतो तरी काय, हे भाऊजी दर पत्रात विचारतात, तेव्हा एकदा त्यांना मोठ्याने वाचून दाखव. (यंत्र खणात असेल तर फारच मोठ्याने.) हे वाळवंट आहे. त्यात काय उगवतं, किती पाण्यावर उगवतं, जमिनीखाली किती पाणी उरलंय आणि ते कोण कोण पितंय, याचा अभ्यास करणारं हे केंद्र. मी इथला पंप, भांडार आणि पाण्याच्या टाक्या सांभाळतो. शिकलो नाही म्हणून काय झालं, बावीस वर्षं शिकलेल्यांच्या मागे त्यांची उपकरणं उचलून फिरलो आहे. त्यांचे अहवाल शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले आहेत. पहिल्या अहवालाला सात महिने लागले. शेवटच्या पानावर कळलं की त्यांनाही नक्की काही कळलेलं नाही. तेव्हापासून माझी भीड चेपली.

आसपासच्या वस्त्यांतल्या विहिरी दरवर्षी हातभर खाली जातात. शेळ्या जगतात त्या एका काटेरी झुडपावर, आणि तेही विरळ होत चाललंय. म्हणून प्रश्न असा, की हे झुडूप कमीत कमी किती पाण्यात तग धरेल? ते कळलं तर आहे तेवढ्या पाण्यात किती झुडपं जगवता येतील याचा हिशेब बसेल. यासाठी आम्ही छत्तीस वाफे आखले, कुंपणं घातली, झुडपांना नंबर दिले. काही वाफ्यांना महिन्यातून एकदा टाकीने भरपूर पाणी, काहींना पडेल तो पाऊस, आणि काहींना काहीच नाही. या कोरड्या वाफ्यांवर पारदर्शक पत्र्याचं छत आहे. वर्षाकाठी चार वेळा शिंतडणारा पाऊस अडवायला आम्ही छत बांधतोय, हे ऐकून शेळीवाले इतके हसले की त्यांच्या शेळ्या आमच्या कुंपणात शिरल्या.

हे सगळं जिच्या डोक्यातून निघालं तिला मी झुडूपबाई म्हणतो. (तोंडावर नाही. तोंडावर मी तिला बाई म्हणतो आणि ती मला मामा.) वय तिशीच्या अलीकडचं, अंगाने काडी, आणि उन्हात उभी राहायची ताकद एखाद्या खांबाची. चार वर्षं दर सोमवारी ही मुलगी एकेका झुडपाची पानं मोजते आहे. फांदीला दोरा बांधायचा, दोऱ्यापासून टोकापर्यंत पानं मोजायची, वहीत लिहायची, पुढचं झुडूप. मधे कोणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सोमवारी आम्ही सगळे मुक्याने वावरतो. तिचा प्रबंध याच पानांवर उभा आहे, आणि येत्या तीस तारखेला तीन पाहुणे येऊन तो तपासणार आहेत. त्यांना पटलं तर प्रबंध पुढे सरकणार आणि केंद्रही आणखी चार वर्षं चालणार. नाही पटलं तर ती घरी, आणि आम्हीही घरी.

आता चमत्कार ऐक. कोरड्या वाफ्यांतली सगळी झुडपं अपेक्षेप्रमाणे सुकत गेली. अपवाद एकच. सतरा नंबरच्या वाफ्यात, कुंपणाला लागून असलेलं चार नंबरचं झुडूप. ते हिरवंगार. त्याला पाणी नाही, पाऊस नाही, आणि पानं तर वाढतायत. झुडूपबाई आधी आपल्या मोजणीवर चिडली, मग दोऱ्यावर, मग तिने तीनदा मोजलं आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी तोवर कधी पाहिली नव्हती. इथे काहीतरी आहे, मामा, असं ती मला म्हणाली. मीही मान डोलावली. मलाही वाटलं, आहे खरं.

मग वर्षभर त्या एका झुडपाच्या मागे सगळं केंद्र लागलं. जमीन तपासणारे एक गृहस्थ आले, पंधरा दिवस राहिले, खाली पाण्याची लपलेली धार आहे असं त्यांचं मत पडलं. ती सापडेना, तेव्हा ती फारच लपलेली आहे असं मत पडलं. मोठ्या बाईंनी (या केंद्राच्या प्रमुख, बोलतात कमी, चष्म्यावरून बघतात जास्त) वाळवीच्या बिळांतून ओल वर येत असेल असं सुचवलं. ड्रायव्हरचं म्हणणं की मुंगूस तिथे येऊन आपले विधी उरकत असणार. आणि अक्का, मी गप्प बसलो असतो तर मी तुझा भाऊ कसला. मी दवाचा सिद्धांत मांडला. पत्र्याच्या छताच्या खालच्या बाजूला पहाटे दव धरतं, ते उतारावरून ओघळून नेमकं चार नंबरवर ठिबकतं. जेवणाच्या टेबलावर मी काटे-चमचे मांडून छताचा उतार करून दाखवला. जमीनवाल्या गृहस्थांशी माझा तीन दिवस वाद चालला. मी कागदावर आकृती काढली, खाली सही केली, तारीख घातली. ती आकृती झुडूपबाईने कौतुकाने भिंतीवर लावली. हे तू लक्षात ठेव.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या की वाद पुरे, तिथे कॅमेरा लावा. खांबावर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लागला. काही हललं की फोटो. महिन्याने तो उतरवला आणि जेवणाच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावून सगळ्यांनी एकत्र बघायचं ठरलं. मी पुढची खुर्ची पकडली. दवाचे थेंब मला जवळून बघायचे होते.

पहिला फोटो लागला. पहाटेचा उजेड, कुंपण, चार नंबरचं झुडूप, आणि गंजीत, कानाला मफलर गुंडाळलेला मी. दुसरा फोटो. मी पालथ्या पिंपावर बसलेला. तिसऱ्यात पेल्यातून पाणी पितोय, डोळे मिटून. चौथ्यात उरलेलं पाणी कुंपणाच्या तारांतून झुडपाच्या बुडाशी ओततोय. नंतरच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. गंजी बदलते, मफलर बदलतो, माझी पोझ बदलत नाही. एकतीस दिवस. मधे एकदा मुंगूस आलं, पण त्याने बिचाऱ्याने काहीही केलं नाही, नुसतं बघून गेलं.

अक्का, खरं सांगतो, मला माहीतच नव्हतं. म्हणजे हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. पहाटे पंप सुरू केला की टाकी भरेपर्यंत मी त्या पिंपावर बसतो. आईचा पितळी पेला भरून घेतो, आतल्या रेघेपर्यंत पितो आणि खालचं अर्धं झाडाला घालतो. आपल्याला आईने लावलेली सवय तुला ठाऊक आहे: अर्धं आपलं, अर्धं झाडाचं, नुसत्या मातीवर पाणी टाकायचं नाही. मी तिथे बसायला लागलो तेव्हा वाफा नव्हता, कुंपण नव्हतं, नंबर नव्हता. एक झुडूप होतं. मग त्याच्याभोवती कुंपण आलं, वर छत आलं, विज्ञान आलं, आणि माझा हात आपला रोज तारांतून आत जातच राहिला. (पेल्याबद्दल इथे एवढंच. तो विषय आपण अकरा वर्षं काढलेला नाही आणि मीही काढत नाही.)

चादरीवरचा शेवटचा फोटो विझला तेव्हा खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझी दवाची आकृती भिंतीवरून सगळ्यांकडे बघत होती, खाली माझी सही. झुडूपबाईने वही मिटली, खुर्ची सरकवली आणि बाहेर गेली. तिने प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण त्या झुडपावर लिहिलं होतं, ऐंशी पानांचं. माझ्या मिटल्या डोळ्यांनी ते पाण्यात घातलं, तेही वाळवंटात.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वाईट बोलली असती तरी चाललं असतं. ती नमस्कार करायची आणि निघून जायची, त्या नमस्काराने मी रोज आतून सोलला जायचो. तिसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला (चार ओळींचा, त्यात दोनदा क्षमा), ट्रंक भरली, वळकटी बांधली आणि सकाळच्या जीपने निघायचं ठरवलं. सामान जीपच्या मागे जमिनीवर ठेवलं, वळकटीवर पेला ठेवला, आणि राजीनामा द्यायला मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, पंपाचा वॉशर कोण बदलणार? मी म्हटलं, तेवढा बदलून जातो. बदलत होतो, तेवढ्यात बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ड्रायव्हरने ती मागे घेतली. रुसून निघालेल्या माणसाने आपलं सामान गाडीच्या मागे ठेवू नये, एवढं शहाणपण मला या वयात आलं. ट्रंकेला पोचा पडला, वळकटीला तर काही कळलंही नाही, आणि पेला ताटलीइतका चपटा झाला.

मी तो हातात घेऊन पिंपावर बसलो. काय वाटलं ते लिहीत नाही, तुला कळेल. तेवढ्यात झुडूपबाई आली. वही उघडी, पेन्सिल कानावर. माझ्या समोर वाळूत बसली आणि म्हणाली, "मामा, रोज किती ओतता?"

मी म्हटलं, अर्धा पेला. ती म्हणाली, अंदाजे अर्धा की नेमका? मी जरा दुखावलोच. म्हटलं, बाई, आत रेघ आहे, आमच्या आईच्या राज्यात रेघेच्या वर-खाली चालत नव्हतं. रोज? रोज. कधी चुकलं? मी पंपाची वही आणून दिली, कारण ज्या दिवशी मी पंप सुरू केला नाही त्या दिवशी दुसऱ्याची सही असते. तिने पंपाची वही आणि पानांची वही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, बोट फिरवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. त्या महिन्यात चार नंबरची पानं एकदम गळली होती आणि मग पुन्हा आली होती. वर्षभर कोणाला त्याचं कारण लागत नव्हतं. जमीनवाल्या गृहस्थांनी त्यावरही मत दिलं होतं.

"या अकरा दिवसांत तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

मी मोतीबिंदू काढायला गेलो होतो, अक्का. माझा मोतीबिंदू त्या झुडपाच्या पानांत लिहिलेला आहे. मागच्या हिवाळ्यात मला पाच दिवस ताप होता, तोही आहे. मी रजेवर गेलो की ते पानं टाकायचं, परत आलो की नवी धरायचं. इतकी वाट माझी कोणी पाहिली नव्हती. (तू पाहिली असशील. ते वेगळं.)

मग ती अशी उठली की वही वाळूत पडली. टाकीने महिन्यातून एकदा भरपूर पाणी घातलेल्या वाफ्यांतलं पाणी निम्मं उडून जातं आणि निम्मं मुळांच्या आवाक्याबाहेर उतरतं. इथे मात्र रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, ओंजळभर पाणी थेट बुडाशी, चार वर्षं. तिच्या हिशेबाने टाकीवाल्या झुडपाला मिळतं त्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात माझं झुडूप जास्त हिरवं. ती म्हणाली की तिने जो प्रयोग आखला त्याच्या शेजारी मी न सांगता दुसरा चालवला, आणि तोही तिच्यापेक्षा नेमाने. मोठ्या बाई म्हणाल्या की एका झुडपावरून काहीही सिद्ध होत नाही. मग त्यांनी लगेच तीस झुडपांना परवानगी दिली, आणि राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांची यादी केली. त्यामुळे राजीनामा आता अधिकृत दप्तरात आहे, पण पालथा.

तर आता रोज पहाटे तीस झुडपांना अर्धा अर्धा पेला पाणी घालायचं माझं काम. शेळीवाल्यांपैकी दोघी जणी बघायला आल्या होत्या. यावेळी हसल्या नाहीत. थोरलीने विचारलं, एवढ्यावर जगेल? मी म्हटलं, एक जगलंय. तिने वाकून चार नंबरच्या बुडाची माती चाचपली आणि म्हणाली की त्यांच्या घरी भांडी विसळलेलं पाणी रोज याहून जास्त निघतं. झुडूपबाईने ते वाक्य वहीत उतरून घेतलं. माझी दवाची आकृती काढून टाका म्हटलं तर काढत नाही, म्हणते असू दे, चुकीच्या सिद्धांतांचीही नोंद हवी. ऐंशी पानांचं प्रकरण तिने फाडलं आणि नवं लिहायला घेतलं आहे. हल्ली सोमवारी मोजता मोजता गुणगुणतेसुद्धा.

बाकी सर्व क्षेम. ऊन आहे तेवढंच आहे. थोरल्यांना नमस्कार, नातीला तिच्या नव्या दातांसकट आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. एक बारीकशी अडचण राहिली. अर्धा पेला म्हणजे मापाने किती, हे पाहुण्यांना आकड्यात सांगावं लागतं, आणि पेला चपटा. ड्रायव्हरने पश्चात्तापाने तो ठोकून सरळ केला. आता तो पेला आणि टोपी यांच्या मधलं काहीतरी दिसतो आणि नऊ आकडे मोजेपर्यंत पाणी धरतो. मग मला डोळे मिटून आठवणीने ओतायला सांगितलं. पाच वेळा ओतलं, पाच वेगळी मापं आली. आकडा नसेल तर चार वर्षांचं ते झुडूप पाहुण्यांच्या लेखी नुसती गोष्ट आहे, असं झुडूपबाई म्हणाली. म्हणताना हसली, पण मला ते हसू बघवलं नाही. तिने विचारलं, मामा, अगदी असाच दुसरा पेला कुठे असेल का? मी नाही म्हटलं.

ता. क. दोन. खोटं बोललो. त्याचा जोडीदार तुझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर आहे. एकाच कारागिराचा, एकाच रेघेचा. आईच्या वस्तू वाटताना तू म्हणाली होतीस की जोडी फोडू नये, दोन्ही एका घरी राहू देत. मी एक हिसकावला. वर दारात उभं राहून सगळ्यांदेखत म्हणालो की यापुढे तुझ्याकडे पेलाभर पाणीही मागणार नाही. अकरा वर्षं वर्षाला दोन पत्रं लिहिली, गुडघ्यांची चौकशी केली, पण ते शब्द परत घेतले नाहीत. तू बरोबर होतीस. जोडी फोडली नसती तर निदान जीपखाली आली नसती. (दोन्ही आले असते हे खरं, पण आत्ता मला चूक कबूल करू दे, वाद घालू नकोस.)

ता. क. तीन. मी शब्दाचा पक्का आहे, हे भाऊजींना सांग. पाणी मागत नाहीये. नुसता पेला मागतोय.

ता. क. चार. तो पोस्टाने पाठवू नकोस. गाड्या मागे घेणारे ड्रायव्हर सगळीकडे असतात. स्वतः घेऊन ये, तीस तारखेच्या आत. इथे जिना नाही, सगळं सपाट आहे, तुझ्या गुडघ्याला बोलायला विषय उरणार नाही. मागच्या दारच्या झाडाला तू अजून खालचं अर्धं घालतेस, हे मी न विचारता जाणतो. तू येशील तेवढे दिवस सूनबाईंना घालायला सांग, रेघ दाखवून. आणि कुठल्या गाडीने येतेस ते उलटटपाली कळव. मी स्वतः आणायला येईन, आणि जीपच्या मागे नाही, पुढे उभा राहीन. तोवर तीस झुडपं माझ्या अंदाजाने पाणी पितायत, अक्का, आणि माझा अंदाज तुला माहीत आहे. लवकर लिही.